मखमलीला रिंग लावायची नसते

आमच्या बाई दिसेल ते कापड आधी तिरपं ओढून बघायच्या. ते कोणाच्या अंगावर आहे, याचं त्यांना काही नसे. एकदा भाजीच्या गाडीजवळ उभ्या असलेल्या एका पोरीच्या ओढणीचं टोक त्यांनी धरलं आणि ताणलं. पोरगी ओरडली. बाई म्हणाल्या, "ओरडू नोको वं. शिफॉन चांगलं आहे. फक्त जाड सुई लावू नोको याले, भोकं पडतीन." आणि पुढे जाऊन वांगी निवडू लागल्या. पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

प्रताप नगरात घराच्या पुढच्या खोलीत बाई मशीनवरच्या भरतकामाचा क्लास घ्यायच्या. मी तिथे भांडी घासायला लागले होते. माझं शिक्षण चौथी. एक दिवस बाईंनी माझ्या हातात कातर दिली आणि तयार कामाचे लोंबणारे धागे कापायला बसवलं. महिनाभराने मशीनवर बसवलं. "मले नाही जमणार," मी म्हटलं. "भांडे तुले कोनं शिकवले?" त्यांनी विचारलं. "कोणी नाही." "मंग बस." माझं सगळं पुढचं आयुष्य एवढ्याच बोलण्यावर ठरलं.

पोरी त्यांना मागून ढिलंबाई म्हणायच्या. कारण दिवसातून पन्नास वेळा त्या एकच सांगत, "ढिलं धर." भरतकामाची रिंग हातात आली की नवी शिकणारी कापड ढोलकीसारखं ताणून बसवते. सुती कापडाला ते चालतं. बनियनच्या किंवा टी-शर्टच्या कापडाला नाही. रिंगमध्ये फूल छान दिसतं आणि रिंग काढली की कापड आपल्या जागी परत जातं आणि फुलाच्या चुण्या होतात. बाईंची पद्धत वेगळी होती. रिंगमध्ये त्या नुसता कागद ताणायच्या, कापड त्याच्यावर सैल पसरून कच्च्या टाक्यांनी धरायच्या आणि काम झालं की मागचा कागद फाडून टाकायच्या. लोक मला म्हणतात, वा, यात जगण्याची केवढी शिकवण आहे. काही नाही. बाई कापडाबद्दल बोलत होत्या.

काम तपासताना त्या पुढची बाजू बघतच नसत. उलट करून मागच्या गाठी बघत. "तोंड त सारेच धुतेत," म्हणायच्या, "टाचा दाखव." गिऱ्हाईक समोर असलं तरी हेच. माझ्या कामावर एक गिऱ्हाईक फार खूश झाली होती, तर बाईंनी तिच्या हातातून ते घेतलं, उलटलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस थांबा. हे पुन्हा करून राहिली ती." मी असं काही करत नव्हते. करावं लागलं.

मग बाईंचा उजवा हात थरथरू लागला. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण बारीक काम सुटलं. क्लास बंद झाला. एक मशीन त्यांनी माझ्या घरी पाठवली आणि स्वतः शहराच्या कडेला, बेसा भागात मुलाकडे राहायला गेल्या. हातापेक्षा ब्लाउजने त्यांना जास्त छळलं. हूक लावता येईनात. रोज सकाळी सुनेसमोर पाठ करून उभं राहायचं, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी गाऊन घातला आणि घराबाहेर पडणंच सोडलं. भाचीचं लग्न कळमेश्वरला ठरलं. ही भाची त्यांच्याच घरी वाढलेली. तरी बाई म्हणाल्या, "मी येत नाही. गाऊनवर जाऊ काय लग्नाले?" मुलाने समजावलं, भाची रडून गेली. बाई हलल्या नाहीत.

मला वाटलं, बिनहुकाचा ब्लाउज शिवावा, डोक्यावरून घालता येईल असा. ताणणारी जांभळी मखमल आणली आणि पाठीवर भरायला मोर काढला. आणि जी चूक मी क्लासमधल्या दुसऱ्या पोरींना करू दिली नाही, ती स्वतः केली. बाईंसाठी आहे, जराही हलायला नको, म्हणून मखमलच रिंगमध्ये घट्ट आवळली. काढून बघते तो मोराभोवती रिंगचा गोल वळ, लव चेपलेली आणि मोराची मान चुण्यांनी आखडलेली. मी फोटो काढून बाईंना पाठवला. लपवून काय करायचं होतं?

तासाभराने दारात ऑटो थांबला. बाई उतरल्या. अंगात गाऊन, वर सुनेची ओढणी, पायात घरातली चप्पल. शेजारच्या दोघीतिघी बघायला बाहेर आल्या. बाईंचं लक्ष नव्हतं.

"सुमन! माह्या मशीनवर असं काम? मखमलले रिंग लावतेत काय वं?"

"चुकलं, बाई."

"चुकलं म्हणते! काहून चुकलं? मी मेली काय?"

"तुमच्यासाठीच करत होते, म्हणून घट्ट धरलं."

"माह्यासाठी मंग ढिलं धरता येत नव्हतं?"

त्यांनी तो तुकडा उलटला, मागच्या गाठी बघितल्या आणि म्हणाल्या, "मागून बरं आहे. कापड आण दुसरं." तीन दिवस त्या रोज ऑटोने आल्या. उजवा हात मांडीखाली दाबून बसायच्या आणि नुसतं तोंडाने सांगून माझ्याकडून काम करवून घ्यायच्या. टाके लवेत बुडू नयेत म्हणून वरून पातळ प्लास्टिक ठेवायला लावलं. माझ्या पोह्यांत मीठ कमी आहे, हेही रोज सांगितलं. घरी परत जा, असं कोणी त्यांना म्हटलं नाही आणि गाऊनचा विषय कोणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी उठताना त्या म्हणाल्या, "साडीच्या निऱ्या शिवून ठेवजो. मले धरता येत नाहीत."

लग्नघरी बाई ब्लाउज घेऊन खोलीत गेल्या आणि कडी लावली. सून दाराशी गेली, तिला मी हाताला धरून मागे आणलं. बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा ब्लाउज अंगात होता, साडीही नीट होती, पण पाठीचा मोर पुढे, छातीवर आला होता.

"बाई, उलटं घातलं," मी म्हटलं.

"माहीत आहे मले," बाई म्हणाल्या. "मागचा मोर कोनं पाहावं?"

चुकून घातलं की मुद्दाम, ते मला आजही ठाऊक नाही. मोर पुढे घेतला तर तो पदराखाली जाणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मांडवात बाई नवरीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि जो भेटायला येईल त्याच्यासमोर पदर बाजूला करत राहिल्या. हात चांगलाच थरथरत होता. तरी दर वेळी तो पदरापर्यंत बरोबर पोचत होता.