गुरुजींनी राग सोडला ते चाळीस दिवस

रागवायला काहीतरी कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या चौथीच्या गुरुजींना पाहिलेलं नाही. कारण ही त्यांच्या लेखी सवडीनं शोधायची गोष्ट होती. आधी ते रागवायचे आणि मग कशावर ते इकडेतिकडे पाहून ठरवायचे. सकाळी उतरताना सायकलीवर, फळ्यापाशी पोचेपर्यंत खडूवर, आणि प्रार्थना संपून हजेरी सुरू होईतो उन्हावर. शाळेच्या पत्र्यावर अकराच्या सुमाराला एक कावळा येऊन चोच आपटायचा. शिकवणं न थांबवता गुरुजी त्याला सुनवायचे, "ये, तूच शिकव आता, ये खाली!" आम्ही तीस-पस्तीस मुलं, काही बोर्डिंगातली, काही आसपासच्या गावांतून चालत येणारी. एकेकाचं नाव घेत बसायला गुरुजींना फुरसत नसे, म्हणून ते गावाच्या नावानं हाक मारायचे. "ए चिखली, पाटी पूस. ए देऊळघाट, खिडकीबाहेर काय तुहा मामा उभा हाय?" देऊळघाट म्हणजे मी.

त्यांचा सर्वांत मोठा राग नकाशावर होता. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. त्याच वर्गात, त्याच खिळ्यावर त्यांनी आधी मध्य प्रदेशाचा नकाशा टांगला होता, मग मुंबई राज्याचा, आणि आता हा तिसरा. "बुलढाणा जागचा हालला नाई, पैनगंगा हाय तिथूनच वाहून राह्यली, अन् पोट्ट्यायनं तीन-तीनदा पाठ करावं? कायले?" असं ते आम्हालाच विचारायचे, जणू राज्यं आम्ही बदलली होती. पण नवा रंगीत नकाशा आला त्या दिवशी त्यांनी तो स्वतःच्या धुतलेल्या उपरण्यानं पुसून टांगला, आणि पुढं वर्षभर त्याला बोट लावणाऱ्यावर रागावले. हात मात्र त्यांनी कधी कुणावर उचलला नाही. ज्याच्यावर ते दिवसभरात ओरडले नाहीत तो मुलगा संध्याकाळी घरी जाताना जरा हिरमुसलेला असायचा, आपण आज वर्गात होतो की नव्हतो अशी त्याला शंका यायची. मला ती शंका फारशी कधी आली नाही, कारण मी खिडकीपाशी बसायचे.

शाळा कॅथलिक मिशनची, बुलढाण्याहून देऊळघाटला जाणाऱ्या रस्त्यावर. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या सिस्टर, मंगळूरकडच्या, पुस्तकी मराठी बोलणाऱ्या आणि फारच कमी बोलणाऱ्या. ख्रिस्ती घरं मोजकी, बाकी आम्ही सगळे हिंदू नाहीतर बौद्ध. गुरुजी स्वतः जानेफळकडच्या शेतकरी घरातले, कपाळाला बुक्का लावून येणारे. तरी ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ सगळ्या शाळेचा असायचा. तो सुरू व्हायच्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सिस्टर प्रत्येक वर्गात येऊन विचारायच्या, चाळीस दिवस तुम्ही आवडीचं काय सोडणार? आम्ही दरवर्षी बोरं सोडायचो, कारण तोवर बोरांचा हंगाम संपलेला असायचा. सिस्टरांना हे कळत होतं की नाही कोण जाणे, त्या वहीत लिहून घ्यायच्या.

त्या वर्षी त्यांनी वही मिटता मिटता गुरुजींकडं पाहिलं. "आणि गुरुजी, तुम्ही?"

"मी काई तुमच्यातला नाई, सिस्टर."

"बरोबर आहे. शिवाय तुम्हाला राग सोडायला सांगितलं असतं, पण ते तुम्हाला जमणार नाही. राहू द्या."

"जमनार नाई?" गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ओरडले. खडूची धूळ सिस्टरांच्या पांढऱ्या झग्यावर बसली. "मले जमनार नाई? सोडला! आत्ताच्या आत्ता सोडला!" अशा रीतीनं रागाच्या भरात त्यांनी राग सोडला.

पुढचे दिवस फार कठीण गेले, त्यांना आणि आम्हालाही. दुसऱ्याच दिवशी बोर्डिंगातला एक मुलगा उशिरा आला. गुरुजी त्याला म्हणाले, "या, बसा." आपलं नाव शाळेतून काढून टाकलं असं समजून तो दारातच रडायला लागला. कावळा आला, चोच आपटून गेला, त्याला कुणी शिकवायला बोलावलं नाही. राग दाबायची गुरुजींची एक रीत होती, ओठांतल्या ओठांत एकोणतीसचा पाढा म्हणायचा. तो शेवटपर्यंत नीट गेला की राग उतरलेला असायचा, मध्ये चुकला की गेलं सगळं वाया. त्यांचे ओठ हलायला लागले की आम्ही मोजायचो. कधी सहापर्यंत, कधी आठपर्यंत अडखळत जायचे, पण पार व्हायचे. एक आई खास तक्रार घेऊन आली. "गुरुजी, पोराले जरा रागवा नं. घरी कोनाचंच आयकत नाई." गुरुजींनी हात जोडले. "बाई, ईस्टर होऊन जाऊ द्या. मंग या." ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारसाठी त्यांनी स्वतः नदीकाठून शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या. त्यातल्या अर्ध्या बकरीनं खाल्ल्या. ते बकरीपुढं उभे राहून दोनदा पाढा म्हणाले. आम्हाला आता त्यांचा अभिमान वाटायला लागला होता. चौथीच्या भिंतीवर कोळशानं दिवसांच्या रेघा ओढल्या जात होत्या, आणि आमचे गुरुजी जिंकणार याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती.

मला मात्र त्या वर्षी दुसऱ्याच एका दिवसाची वाट होती. परीक्षा संपल्या की ईस्टरच्या आधीच्या बुधवारी शाळेत जेवण असायचं आणि मग सुट्टी. उपवासाचा काळ म्हणून गोड काही नाही. भाकरी, वांग्याची भाजी आणि वरण. प्रत्येक घरून ओंजळभर तूरडाळ यायची आणि ती सगळी एकाच मोठ्या पातेल्यात शिजायची. आमच्या घरचीही. वाढायचा मान चौथीचा. पहिलीत असल्यापासून मी मोठ्या मुलींना "वरण, वरण" असं ओरडत बादली घेऊन पंगतीतून फिरताना पाहिलं होतं, आणि जगात याहून मोठं काही असेल असं मला वाटत नव्हतं. घरी मी तांब्या-पळी घेऊन कोंबड्यांना पाणी वाढायचा सराव केला होता. वरणाची बादली गुरुजींनी मला दिली. वाढणाऱ्यांची नावं त्यांनीच ठरवली होती.

त्या जेवणाला काही मोठी माणसंही यायची. शेजारच्या गावचे एक बडे शेतमालक होते, ज्वारीचं पोतं त्यांच्याकडून यायचं, म्हणून ते पंगतीत पहिल्या जागेवर बसायचे. हसरे, गोड बोलणारे गृहस्थ. मी बादली घेऊन त्यांच्यापुढं वाकले, तेव्हा त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. माझ्याकडं न पाहता ते गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, या पोरीले बसू द्या आता. दमली असन. वरन वाढाले दुसऱ्या कोनाले तरी पाठवा."

मी दमले नव्हते. मी पहिलीच पळी भरली होती. मी बौद्धांच्या घरची, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, पंगतीतल्या पोरापोरांना माहीत होतं. सिस्टर चुलीकडं होत्या, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि ओठ हलत होते. ईस्टरला चार दिवस राहिले होते. सगळी मुलं श्वास रोखून त्यांच्या ओठांकडं पाहत होती, गुरुजी टिकतात का म्हणून. मी एकटी मनात म्हणत होते, आज चुकू दे, देवा, आजच्या दिवस त्यांचा पाढा चुकू दे.

पाढा चुकला नाही. गुरुजी माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू आवाजात बोलले की तो त्यांचा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. "कमल, दे बाई ते माह्याजवळ." वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. मी बादली दिली. त्यांनी मालकांना वरण वाढलं, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. मी पंगतीच्या शेवटी जाऊन बसले आणि जेवले. भूक लागलेली होती. वरण चांगलं झालं होतं असं सगळे म्हणत होते. घरी मी काही सांगितलं नाही.

ईस्टरच्या सकाळी प्रार्थना झाल्यावर सिस्टरांनी गुरुजींच्या हातात एक रंगवलेलं अंडं ठेवलं आणि म्हणाल्या, "जिंकलात." हे सिस्टरांनीच मला पुढं सांगितलं. गुरुजींनी ते अंडं टेबलावर ठेवलं आणि सायकल काढली.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. बाबा गवंडीकाम करायचे, रविवार म्हणून घरीच ओट्यावर बसले होते. वस्तीच्या टोकाला आरडाओरडा ऐकू आला. आधी कुत्र्यावर, मग सायकलच्या साखळीवर, मग रस्त्यातल्या दगडांवर. आवाज जवळ येत गेला आणि आमच्या दारात थांबला. घामानं थबथबलेले गुरुजी माझ्याकडं बोट करून गरजले.

"काऊन देली बे बादली? आँ? मी मांगतली म्हनून देली? नाई देत म्हनाले काय झालं होतं तुले? चार दिवस झोप नाई मले! सकाळी त्या मालकाच्या घरी गेलो, त लग्नाले गेले म्हने सारे. दाराले कुलूप. कुलपावरच वरडून आलो!"

बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. काय झालं असेल ते त्यांना तेवढ्यावरूनच कळलं असावं. ते उठले आणि म्हणाले, "गुरुजी, आधी सावलीत या."

पण गुरुजी उन्हातच उभे राहिले, माझ्या उत्तराची वाट पाहत. मी नऊ वर्षांची होते. मला त्यांना दुखवायचं नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं. "तुमी मांगतली म्हनून देली, गुरुजी. त्यायनं मांगतली असती त नसती देली."

गुरुजींचं बोट खाली आलं. मग ते सावलीत आले, ओट्यावर बसले. आईनं पाणी दिलं, ते प्यायले, आणखी मागून प्यायले. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले, तेही माझ्याशी नव्हे, रिकाम्या पेल्याकडं पाहत. बाबा त्यांच्याशेजारी बसून राहिले. ऊन उतरल्यावर गुरुजी सायकल हातात धरून चालत गेले.

पुढच्या वर्षी सिस्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी चहा सोडला, आणि चहा नसल्यामुळं दुप्पट ओरडले असं खालच्या वर्गातली मुलं सांगायची. पाचवीत माझं नाव घालायला ते स्वतः बुलढाण्याला आले. तिथल्या कारकुनानं फॉर्म घडी पडेल असा धरला म्हणून त्यांनी जो आवाज लावला, तो अख्ख्या कचेरीनं ऐकला. मी शिक्षिका झाले तेव्हा ते थकलेले होते, तरी पेढे कोरडे निघाले म्हणून हलवायावर रागावले. त्याच भेटीत, मी निघताना, त्यांनी मला दारात थांबवून विचारलं, "कमल, त्या बादलीचा राग हाय का तुले माह्यावर?"

मी म्हटलं, "नाही हो गुरुजी, केव्हाच विसरले."

ते खोटं होतं. राग होता. बरीच वर्षं होता, त्यांच्यावर माया होती तेवढाच होता. पण म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं म्हणून मी हसून पाया पडले आणि एसटी पकडली. ते गेल्याचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की त्या दारात उभं राहून मी त्यांच्यावर चांगलं ओरडायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला त्याचं वाईट वाटलं असतं. गुरुजींना बरं वाटलं असतं.