डावीकडचे आकडे

उत्तमसिंग राठोड आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई, मी तिथला प्राध्यापक. तो मूळचा फुलसावंगीचा, दहावी पास, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. हे आधीच सांगून टाकतो, पुढचं सांगायला बरं पडेल.

त्याचं आवडीचं काम गच्चीवर. पाटीवर ओळीने बसवलेले तांब्याचे चार चौकोनी पत्रे, हा आमचा अँटेना. त्याचा सिग्नल कुठल्या दिशेला किती जातो हे कळायला उत्तमसिंग तो पाच-पाच अंशांनी फिरवायचा आणि दर वेळी आकडा लिहायचा. जवळ धातू नको, म्हणून हातातलं कडं, किल्ल्या, मोबाइल सगळं जिन्यात काढून ठेवायचा. देवळात शिरताना चपला काढाव्यात तसं.

आमच्याकडे एक वाईट रीत होती. दोन्ही बाजू सारख्याच येतात, म्हणून उजवीकडचं मोजायचं आणि तेच डावीकडे उतरवायचं. उत्तमसिंग तेवढा पूर्ण फेरा मोजायचा. "झाली का प्रदक्षिणा, महाराज?" मी चिडवायचो.

मार्चमध्ये माझ्या प्रकल्पाची तपासणी होती. आठवडाभर आधी तो म्हणाला, "सर, डाव्या बाजूले आकडा कमी पडून राह्यला. एखाद्या पत्र्याचा सोल्डरचा डाग ढिला झाला वाटते. पुन्हा डाग देऊन पाहू का?"

"तू फक्त फिरव. डोकं मी चालवतो," मी म्हणालो, आणि उजवे आकडे डावीकडे लिहून अहवाल पाठवून दिला.

तपासणीला आलेले साहेब खमके निघाले. थेट गच्चीवर गेले. "फिरवा माझ्यासमोर." डावीकडे आकडा धाडकन खाली आला.

"ही मोजणी कोणाची?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. माझी पाचावर धारण बसली. "उत्तमसिंगची, सर. दहावी पास आहे तो."

उत्तमसिंगने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो साहेब. चुकलं असन माह्याकून."

मला मोजणी पुन्हा करायची मुभा मिळाली. प्राचार्यांनी त्याच्याकडून गच्चीची किल्ली काढून घेतली आणि त्याला ग्रंथालयात पुस्तकं झटकायला बसवलं.

चार दिवसांनी तो माझ्या केबिनमध्ये आला. हातात कडं होतं. आता ते काढायचं कारणच उरलं नव्हतं. त्याने एक वही पुढे केली. पूर्ण फेऱ्याचे आकडे, दोन्ही बाजूंचे, तारखेसकट. खाली त्याच्या गोल अक्षरात लिहिलेलं : डावी बाजू कमी. सरांना सांगितलं.

वाटलं, संपलं, हा आता प्राचार्यांकडे जाणार.

"ही तुमच्यापाशीच ठेवा, सर," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या हाती लागली तं तुमची बदनामी होईन."

प्राचार्यांचं दार माझ्या केबिनपासून वीस पावलांवर आहे. मला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वही घेतली, खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.