बाबांचा कीबोर्ड बंद पडला तो रविवार

बाबांचं स्वरयंत्र काढावं लागलं, गळ्यात श्वासासाठी नळी बसली, तेव्हा मी त्यांना साताऱ्याहून चंदीगडला माझ्याकडे आणलं. आयटी पार्कात नोकरी आणि सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या दोन खोल्या. बाबा आयुष्यभर सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली टाकून मी तो त्यांना दिला. ते मराठीत भराभर टाइप करायचे, मी वाचायची. हेच आमचं बोलणं.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी, त्यांना न विचारताच, मी अपडेट चालवलं. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि पासवर्डच्या चौकटीत एक अक्षर उमटेना.

"दोन मिनिटं थांबा, बाबा."

आधी वाटलं, धूळ असेल. बटणं पुसली. मग लक्षात आलं, लॅपटॉप सुरू होतानाच्या मेनूत बाणांची बटणं चालत होती. म्हणजे कीबोर्ड धडधाकट होता, नव्या कर्नललाच तो ओळखता येत नव्हता. मी फोनवर उपाय शोधत राहिले. मध्येच बाबांनी खांद्याला हात लावला, गळ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आवाज लवकर परत दे म्हणतायत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी खरडून पुढे केलं; मी ते न वाचताच लॅपटॉपखाली सरकवलं.

"करतेय ना! जरा बसा की शांत!"

ते आत गेले.

शेवटी मेनूतून जुना कर्नल निवडला. पासवर्डची टिंबं उमटली. "बाबा, झालं!" लॅपटॉप त्यांच्याकडे न्यायला उचलला. खालच्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं होतं : 'नळीत अडकलंय. श्वास जड.'

मी धावले. ते पलंगाच्या कडेला वाकून बसले होते, खांदे वरखाली होत होते. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे नळीत सलाइनचे थेंब सोडले, कफ ओढायचं मशीन लावलं. हिटरच्या कोरड्या हवेने घट्ट झालेला कफ दोन-तीनदा खोकल्यावर सुटला. त्यांचा श्वास मार्गी लागेपर्यंत मी पाठ चोळत होते.

नंतर त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि टाइप केलं, 'तू चिडलीस, म्हणून पुन्हा सांगितलं नाही.'

मी त्यांच्या पायाशी बसले. मला तर बोलता येत होतं. पण "चुकलं माझं" एवढे दोन शब्द तोंडातून निघायला फार वेळ लागला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्क्रीन मिटली.