तिसऱ्या गिअरआधीचा हात

आत्या गाडी बघायच्या आधी तिला हात लावायच्या. कोणाचीही जुनी गाडी पारखायला गेल्या की नमस्कार व्हायच्या आत त्यांचा तळवा बॉनेटवर टेकलेला असायचा, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बॉनेट गरम लागलं तर चहाही न घेता त्या वळायच्या. "तापवून ठेवलीया. थंड असताना खोकती का, ते झाकायचं आसंल. उद्या सकाळी येते. तवर चावी लावू नका."

त्या कोणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. पैठण रस्त्यावरचं नवऱ्याचं गॅरेज त्यांनी त्याच्या माघारी चालवलं आणि गिऱ्हाइकांनी हे नातं लावून टाकलं. पदर खोचून त्या गाडीखाली शिरल्या असताना एका नवख्याने मला विचारलं होतं, "मिस्त्री कधी येणार?" खालून आवाज आला, "आलाय. पाना द्या तेवढा."

मी कॉलेजातला ग्रंथपाल. पुस्तकांच्या खालोखाल मला गाडी चालवण्याचं वेड. सिल्लोडच्या पुढचा घाट स्वतः चालवत उतरावा, तोही एखाद्या मोठ्या, साहेबी गाडीतून, ही तरुणपणापासूनची इच्छा. नवी परवडणं शक्यच नव्हतं. पन्नाशीला आलो तेव्हा एक जुनी राखाडी गाडी मनात भरली. जवळची सगळी शिल्लक तिच्यातच जाणार होती. फसलो असतो तर पुन्हा धाडस झालं नसतं. म्हणून आत्यांना घेऊन गेलो.

बॉनेट गरम निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर गाडी एका चावीत सुरू झाली. मालक निवृत्त अधिकारी होते. "मख्खन आहे हो गाडी," ते म्हणाले. आत्यांनी मागचं दार उघडलं आणि डाव्या बाजूची गादी दाबून पाहिली. ती खोल बसली होती.

"साहेब, तुम्ही इथं बसत होता ना?"

"हो. का?"

"मग तुम्हाला काय इचारू? चालवायचं कोण?"

साहेबांचा चेहरा पडला, पण त्यांनी फोन लावला. शहागंजातून हमीदभाई आले. दहा वर्षं ही गाडी त्यांच्या हातात होती. आत्यांनी विचारलं, "गाडी कशीय, भाई?" आपल्या जुन्या साहेबांकडे बघत ते म्हणाले, "अच्छी है, आत्या."

आत्यांनी पुन्हा विचारलं नाही. "चला, एक चक्कर मारू," एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मी मागे. सबंध फेरीत आत्यांनी रस्त्याकडे पाहिलं नाही. परतल्यावर हमीदभाईंनी उतरण्याआधी खिशातला रुमाल काढून डॅशबोर्ड पुसला, तेही त्या बघत होत्या.

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरआधी त्यांचा हात थांबतो. दम घेतल्याबिगर पडत नाय तो गिअर. घाई केली की करकरणार. साहेबाला कधी ऐकूच येऊ दिलं नाय त्यांनी."

मी गाडीकडे बघत विचारलं, "मग सोडायची?"

"येड लागलं का सर? इतक्या मायेनं वागवलेली गाडी परत कुठं घावायची? गिअर मी करून देते. घ्या."

पार्ट यायला महिना लागला. तोवर हमीदभाईंसारखा मीही तिसऱ्याआधी थांबत राहिलो. गिअर दुरुस्त झाल्यावरही ते सुटेना. आत्या शेजारी बसल्या की हसायच्या. "गिअर झाला, सर. आता हात दुरुस्त करायचा ऱ्हायलाय."

आत्या मागच्या हिवाळ्यात वारल्या. त्यानंतर काही दिवस मी गाडी काढलीच नाही. काढली, तेव्हा घाटापर्यंत गेलो. तिसऱ्याआधी हात थांबला. शेजारून कोणी हसलं नाही.

परवा एका सहकाऱ्याची मुलगी अशीच एक मोठी, जुनी गाडी बघायला मला घेऊन गेली. तिची ही पहिलीच गाडी. ती रंगाकडे, चाकांकडे हरखून बघत होती. मी बॉनेटवर तळवा टेकवला. गार होतं. मग मालकांना विचारलं, "चालवायचं कोण?"

त्यांचे वयस्कर ड्रायव्हर आले. मुलगी त्यांच्या शेजारी बसली, मी मागे. गाडी फाटकातून बाहेर पडली तशी ती समोर बघू लागली. मी पुढे वाकून हळूच म्हणालो, "रस्ता राहू दे. त्यांचा हात बघ."