उसाकडची खिडकी

भाद्रपदात, एका गुरुवारी, बायको गेली. सकाळी तिने विहिरीवरची मोटर चालू केली, घरात आली, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसली. मी तांब्या घेऊन आलो तेव्हा तिने डोळे मिटले होते. बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

त्यानंतर मला वाचता येईना. जन्मभर वाचत आलो होतो. कळंबच्या शाळेत शिकवायला जाता-येता एसटीत, मधल्या सुट्टीत, घरी ओसरीच्या पायरीवर, जिथे जागा मिळेल तिथे. वाचायची अशी माझी जागा कधीच नव्हती आणि तिची गरजही पडली नव्हती. आता पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीवरून दुसरीवर जाता येत नव्हतं. अक्षरं ओळखीची, पण त्यांचा अर्थ लागायचा नाही. निवृत्तीनंतर सकाळ-दुपार पुस्तकावर काढणारा माणूस मी. ते गेलं तर दिवसाचं करायचं काय, याची मला भीती वाटायला लागली. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ज्याची बायको गेली त्याने पुस्तकाचं दुःख करावं, हे ऐकायलाही बरं वाटत नाही.

आमच्या सणसरकडे घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला एकटं बसू देत नाहीत. रोज कुणी ना कुणी येतं. येणारा ओसरीवर बसतो आणि विचारतो, "कसं झालं वं गुर्जी?" मग मी मोटरपासून सांगायला लागायचो. सांगून सांगून त्या सांगण्याला एक चाल आली होती. कुठे थांबायचं, कुठे आवंढा येतो, हे मला आधीच ठाऊक असायचं. एकदा सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी हे दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगतोय. त्या दिवशी फार थकवा आला.

निरवांगीची माझी थोरली बहीण, अक्का, माझ्या सोबतीला येऊन राहिली होती. माणूस गप्प दिसला की त्याला बोलतं करायचं, हे तिचं औषध. मी हातात पुस्तक घेतलं की ती स्वयंपाकघरातून यायची.

"काय रं, एकटाच बसलायस?"

"वाचतोय अक्का."

"म्हंजे एकटाच की. चल, शेंगा तरी फोड माज्याबरूबर."

पुण्याहून लेकीचा फोन आला की अक्का तिला सांगायची, "नुसता खाली मान घालून बसतोय गं तुजा बा." माझं वाचन अडलंय, हे लेकीला कळलं असावं. तीच मला म्हणाली, "बाबा, घरात तुमची अशी एक जागा करा. दार लावून बसता येईल अशी."

दार लागेल अशी एकच खोली होती, मागची. तिच्यात बायकोचा सगळा शेतीचा पसारा: खताची पोती, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. शेती तीच बघायची. लागण, पाणी, खत, साखर कारखान्यातली नोंद, सगळं तिच्याकडे. मी मास्तर होतो आणि मास्तरच राहिलो. मी पुस्तकात असलो की जाता जाता ती म्हणायची, "वाचा, वाचा. ऊस काय आपला आपनच वाढतुया."

तिच्या वस्तू हलवायला मन घेत नव्हतं. शेवटी दसरा झाल्यावर एका सकाळी अक्का आणि मी ती खोली रिकामी केली. पोती गोठ्यात नेली. फरशी धुतली तरी खताचा वास राहिला, तो अजून आहे. पोत्यांच्या थप्पीमागे एक खिडकी निघाली. ती मी विसरूनच गेलो होतो. कडी गंजली होती, ती तेल घालून उघडली. बाहेर ऊस होता.

आमच्या घराचं तोंड गावाकडे आणि पाठ रस्त्याकडे. मधे आमचाच ऊस. आदल्या पावसाळ्यात बायकोने लावलेला, आता डोक्याच्या कितीतरी वर गेलेला. खिडकीपासून हातभरावर त्याची पानं. खोलीत उजेड यायचा तो त्या पानांतून गाळून, हिरवट. खिडकी पश्चिमेची असूनही दुपारचं ऊन आत येत नव्हतं. रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्यावरून मीही दिसत नव्हतो. वारा सुटला की पानं एकमेकांवर घासायची. तो आवाज एकदा सुरू झाला की ओसरीवरचं बोलणं ऐकू यायचं नाही.

बारामतीला जाऊन मी लाकडी हातांची एक खुर्ची आणि टेबलावरचा दिवा आणला. जुन्या फळ्या ठोकून एक मांडणी केली, खुर्चीवर घरातलीच वाकळ घडी करून घातली. खुर्ची टेंपोतून उतरताना शेजारच्या आबांनी पाहिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

अक्का म्हणाली, "लोकं म्हनत्यात, बायकू जाऊन दोन म्हैनं न्हाईत, आन गुर्जीनं नवी खुर्ची आनली."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, जुन्या खुर्चीला ढेकनं झाल्यात. गप बसली."

आमच्याकडे जुनी खुर्चीच नव्हती. पण अक्काने माझी बाजू घेतली होती, एवढं मला पुरेसं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मला वाचता आलं. एक जुनं प्रवासवर्णन होतं. पान उलटलं, पुढचं उलटलं, प्रकरण संपलं. मान वर केली तेव्हा उजेड कमी झाला होता. मधल्या वेळात मला तिची आठवण आली नव्हती, हे ध्यानात येऊन जरा अपराधी वाटलं. तरी पुढचं प्रकरण उघडलंच. त्यानंतर रोज जेवण झालं की मी मागच्या खोलीत जायचो. आलेल्यांना अक्का ओसरीवर सांभाळायची. "गुर्जी पडल्यात जरा," असं सांगायची. वाचतोय हे सांगण्यापेक्षा झोपलाय हे सांगणं तिला सोपं वाटत असावं. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. भावकीतून फराळाची ताटं आली, ती झाकून ठेवली आणि मी वाचत राहिलो. शरीर जड होतं, झोप अर्धी होती, पण दुपारचे हे दोन-तीन तास माझे होते.

दिवाळीनंतर एका दुपारी कारखान्याचा चिटबॉय आला. ऊसतोडीचा निरोप घेऊन गावोगाव फिरणारा हा माणूस. माझाच विद्यार्थी, आता त्याचेही केस पिकलेत.

"काकूंच्या नंबरावर लय फोन केलं गुर्जी. बंद लागतुया," तो म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळला. फोन कपाटात होता. मीच बंद करून ठेवला होता. "परवा तुमची तोड हाय. टोळी येईल सकाळी."

"कसली तोड?" मी विचारलं.

आतून अक्का आली. "कसली म्हंजे? ऊस काय जल्मभर हुबा ऱ्हानार हाय व्हय?"

या भागात जन्मलो, वाढलो. ऊस लावतात, वाढतो आणि हंगाम सुरू झाला की तुटून जातो, हे लहान पोरालाही माहीत असतं. मी त्या उसाच्या भरवशावर खोली मांडली होती आणि ही गोष्ट एकदाही माझ्या मनात आली नव्हती. तोडीच्या तारखा बायकोच्या डोक्यात असायच्या.

"थोडं पुढे ढकलता येईल?" मी म्हणालो.

"पुढं?" चिटबॉयला हसावं की रडावं कळेना. "गुर्जी, लोकं पाया धरत्यात लवकर तोड द्या म्हनून. वजन घटतंय, तुरा येतुया. लांबवा म्हननारं तुमी पयलंच."

"का पर? का लांबवायचं?" अक्काने विचारलं.

हा ऊस बायकोने लावलाय, असं सांगितलं असतं तर दोघांनीही मान खाली घातली असती. ते खरंही होतं. पण मला त्या क्षणी हवी होती ती सावली. या सावलीत मला वाचता येतं, ती गेली तर मला पुन्हा वाचता येणार नाही, हे त्या दोघांसमोर कसं म्हणायचं?

"काही नाही," मी म्हणालो. "येऊ देत."

ऊसतोड्यांची टोळी आली. दोन दिवस कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टर, आणि वाढ्यांसाठी, उसाच्या हिरव्या शेंड्यांसाठी, जनावरवाल्यांची गर्दी. मी ओसरीवर बसून होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या खोलीत गेलो तर खिडकीतून थेट इंदापूरचा रस्ता दिसत होता. मावळतीचं ऊन खुर्चीवर, मांडणीवर, पुस्तकांवर पसरलं होतं. पुस्तकांच्या पानांवर बारीक धूळ बसली होती.

तिसऱ्या दिवशी वाचायला बसलो तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली.

"ओ गुर्जी! एकटंच बसलाय व्हय?"

आणि हाक मारणारा गाडी लावून, पाचटातून चालत, खिडकीशी आला. मग दुसरा आला. खिडकीत एकटा माणूस बसलेला दिसतो आणि त्याची बायको गेलेली आहे. त्याला ओलांडून पुढे जाणं आमच्याकडच्या माणसाला जमत नाही.

अक्काने खिडकीला चादर लावली. तर दिवसाढवळ्या खिडकी झाकलेली बघून आबा धावत आले. "गुर्जी, बरं हाय न्हवं?" त्यांचा चेहरा पाहून मी चादर काढून टाकली.

डाळिंबाची कामं निघाली तशी अक्का निरवांगीला परत गेली. जाताना रस्त्याला लागेपर्यंत भेटेल त्याला सांगत होती, "येता-जाता बगत जावा जरा. दिसतोय खिडकीतनं." मी मागून पिशवी घेऊन चालत होतो.

आता दुपारी त्या खोलीत बसवत नाही, ऊन अंगावर येतं. सकाळी दूधवाले गेल्यावर रस्ता थोडा वेळ मोकळा असतो. तेवढ्यात चार-सहा पानं वाचून होतात. कधी कळतात, कधी पुन्हा वाचावी लागतात. मग कुणीतरी हाक मारतं आणि मी पुस्तक मिटतो.