भोक पाडलेली परात

"मावशी, अक्का गेल्या," एवढंच अक्काची सून वैशाली फोनवर बोलली. मुदखेडहून चाकूरजवळच्या त्या गावी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. आलं ते अंगणात, आणि तेही रागानं. हृदयविकाराचा झटका, हातातला तांब्या खाली ठेवण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती. माझी थोरली बहीण अशी पडलेली, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, उशाशी बसून आल्यागेल्याला सांगत होते, "जल्मभर ह्याला हात लावू नका, त्याला हात लावू नका... येवढं जपून काय झालं? गेलीच की!" माणसं माना डोलवत होती. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. जिवंत माणसाबद्दल तसा नियम नाही, हे बरं आहे.

अक्का गोड स्वभावाची होती असं मी लिहिणार नाही. भांडकुदळ होती, आणि त्या घरात भांडकुदळच टिकली असती. ती सून म्हणून गेली तेव्हा फवारणीचं औषध पलंगाखाली असायचं, त्याच्या रिकाम्या डब्यात गोडेतेल. पेरणीच्या दिवसांत बियाण्याला कीड लागू नये म्हणून लाल विषारी पावडर चोळायची, तीही स्वयंपाकघरातल्या परातीत. जाड स्टीलची मोठी परात, आमच्या आईनं लग्नात दिलेली. सकाळी तिच्यात बियाणं कालवायचं आणि दुपारी ती घासून तिच्यातच भाकरीचं पीठ मळायचं. अक्कानं तोंड उघडलं की दाजींचं उत्तर ठरलेलं, "धुतलं की झालं!"

मग एका पेरणीत पहिली ताजी भाकरी अक्काच्या मुलानं, महादेवनं खाल्ली. लहान होता. उलट्या थांबेनात, डोळे फिरवले, तेव्हा जीपमध्ये घालून लातूरला नेला. डॉक्टरांनी घरात काय काय असतं म्हणून विचारलं. दाजी छताकडे बघत राहिले, अक्कानं सगळं सांगितलं. पोरगं वाचलं. घरी आल्यावर तिनं खिळा-हातोडा घेतला, परात उंबऱ्यावर पालथी घातली आणि मधोमध भोक पाडलं. "आता हिच्यात पाणी ऱ्हात न्हाई. मळा पीठ!" परात गोठ्यात गेली, फक्त बियाण्याच्या कामाला. औषधाच्या रिकाम्या डब्यांनाही ती कुऱ्हाडीनं भोकं पाडू लागली, फवारून आलेल्या दाजींना अंघोळीशिवाय घरात घेईना, त्यांचे ते कपडे वेगळ्या बादलीत धुऊ लागली. गावानं तिला येडी ठरवलं. त्यात पुढाकार दाजींचाच होता, आणि हे मी विसरणार नाही.

तेराव्याला मी स्वयंपाकघरात गेले, तर वैशाली, महादेवची बायको, पुऱ्यांची कणीक मळत होती. तिची चिमुरडी लेक शेजारी बसून कच्च्या कणकेचे गोळे तोंडात टाकत होती. परात मी लांबूनच ओळखली... भोकाच्या जागी वेल्डिंगचा काळा टिक्का. दाजींनी बुजवून आणली होती.

"येवढी भारी परात, फुकट कशाला घालावी?" ते दारातून म्हणाले. "घासून घेतलीय. धुतलं की झालं!"

मी पोरीच्या तोंडात बोट घालून कणीक काढली. परात उचलली आणि सगळी कणीक उकिरड्यावर उपडी केली. पंगत ताटकळली. बहिणीच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं कुणीतरी म्हणालं. डोकं जाग्यावर होतं, म्हणूनच टाकली. वैशाली लेकीला चूळ भरायला लावत राहिली. सासऱ्यापुढं तिची मान कधीच वर होत नसे. त्या दिवशी मला तिचाही राग आला.

परवा पुन्हा गेले. पिशवीत खिळा होता, खोटं कशाला सांगू. दाजी ओसरीवर बसून होते. मला बघताच कुरकुरले, "सुनंनं परातीचं वाटोळं केलं. आता बियाणंबी ऱ्हात न्हाई तिच्यात."

वैशालीनं चहा दिला आणि मला गोठ्यात नेलं. परात खुंटीला टांगलेली होती. वेल्डिंगचा टिक्का उडालेला आणि काठापर्यंत भोकंच भोकं. पलीकडचा उजेड आरपार येत होता. खाली अक्काचा हातोडा.

"अक्कांनी येकच पाडलं होतं, मावशी," वैशाली म्हणाली. "म्हणून बुजवता आलं."