चुंबक चिकटलेली कळशी

आदरणीय भालेराव सरांची आणि माझी पहिली ओळख त्यांचा ओरडा खाऊनच झाली. शिरूरच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, मी स्टीलच्या डब्याला चुंबक लावत बसले होते. सर कडाडले, "नुसती लावत काय बसलीस? चिकटत का नाही, ते विचार की!" आणि मग त्यांनी अख्खा तास तेच शिकवलं. लोखंडाचे अणू म्हणजे बारीक बारीक चुंबकंच. मोठं चुंबक जवळ आलं की ती एका दिशेला तोंड करतात आणि लोखंड ओढलं जातं. निकेल आणि कोबाल्टचंही तसंच. तांबं, पितळ, सोनं मात्र ढिम्म हलत नाही.

सरांच्या साठीनिमित्त लिहिताना गौरव समितीने मला 'तो प्रसंग जरा मवाळ लिहा' असं सुचवलं. मवाळ? अजिबात नाही.

प्रसंग माझ्याच लग्नातला, वरवंडचा. रुखवत मांडलेलं होतं. सणसवाडीहून आलेल्या नवऱ्याच्या मामांनी खिशातून स्पीकरचं चुंबक काढलं आणि कळशीला लावलं. ते चिकटलं. "ह्ये खोटं ष्टील हाय! आमाला फसवलं. वऱ्हाड माघारी जाईल," मामा ओरडले. माझे वडील हात जोडून उभे. नवरा मुलगा खाली मान घालून बसलेला!

सर पंगतीतून उष्ट्या हाताने उठून आले. "मामा, ते तुमच्या सोन्याच्या अंगठीला लावा. नाही ना चिकटत? मग अंगठी काय स्टीलची झाली? चिकटण्यावरून खरंखोटं कसं ठरवता? स्टील म्हणजे मुळात लोखंडच. त्यात निकेल भरपूर घातलं की अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक धरत नाही. नुसतं क्रोमियम घातलं तर धरतं. गंजापासून दोन्हींना क्रोमियमच वाचवतं. कळशी खरी आहे!"

मामा वरमले. "बरं, ऱ्हाऊ द्या सर. भांडी खरी हायेत म्हंता, तर लावू अक्षता."

सर खरे भडकले ते तेव्हा. "भांडी खरी निघाली म्हणून पोरगी चालते? आणि खोटी निघाली असती तर?" सर माझ्याकडे वळले. "तू बोल. तुला काय पाहिजे?"

मी मुंडावळ्या सोडल्या.

पुढे गावाने सरांना 'लग्नमोडे मास्तर' म्हटलं, त्यांना लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. सर मात्र दर रविवारी शिरूरहून आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांशी हुज्जत घालत राहिले, म्हणून मी बी.एस्सी. झाले आणि आज त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकवते. त्या वेळी तोंड फिरवलेली माणसं आज हार घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहेत. बसा. पण आधी सरांची माफी मागा!

सरांना निरोगी शंभर वर्षं लाभोत आणि त्यांचा राग एका अंशानेही उतरू नये. सर, घरी या. पाणी त्याच कळशीतलं देईन. चुंबक तिला अजून चिकटतं आणि गंजाचा एक ठिपका नाही.